महादेवीचं तेज

ताडकळस,
माघ वद्य पंचमी, शके १८६३

प्रिय महालिंगअप्पा यांस सांबप्पाचा शरणार्थ.

इकडे सर्व ठीक. ज्वारी काढणीला आली आहे. आईचे गुडघे नेहमीसारखेच दुखतात.

तुझं पत्र पोचलं. शिवरात्रीला मानवतला तुमच्या घरी खेड्यापाड्यांतून बाया दर्शनाला येणार, तेव्हा महादेवीला त्याआधी धाडावं, असं तू लिहितोस. धाडणार नाही. आपण शाळेत एका बाकावर बसलो होतो, म्हणून मी डोळे झाकून माझी बहीण तुला दिली. बायको म्हणून दिली होती. देव्हाऱ्यात बसवायला नव्हे.

तुझ्या आईनं तिला पूजेच्या पेटीतली विभूती खाताना पाहिलं आणि शिवाचा संचार झाला म्हणून शेजारपाजार गोळा केला. विभूती आपण कपाळाला लावतो. मुठीनं कोण खातं? हे घरात एकालाही खटकू नये? तिचा चेहरा पांढरा पडत गेला, त्याला तुम्ही तेज म्हणालात. भोवळ येऊन पडली, तर अंगात आलं म्हणून नारळ फोडलात. सोमवारचा उपास होताच. मग देवीला अन्नाची काय गरज, म्हणून रात्रीचं जेवणही बंद केलंत.

संक्रांतीला माहेरी आली तेव्हा ओसरीच्या दोन पायऱ्या चढून धापा टाकत खाली बसली. पुढं एके दिवशी माझ्या बायकोनं, पार्वतीनं, तिला भिंतीचे पोपडे खाताना धरलं. भिंतीत कोणता देव होता, ते जरा तुझ्या आईला, दगडाबाईंना, विचारून कळव.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून मला दाखवली. आत लाली नावाला नाही. नखं खोलगट झालेली. बाई म्हणाल्या, रक्ताला लोह लागतं, ते हिच्यात उरलंच नाही. मग दम लागतो, छाती धडधडते, माती न् राख खावीशी वाटते. दोनदा गर्भ गेला तेव्हा अंगावरून गेलेलं रक्त भरून यायच्या आत तुम्ही उपास लावलेत. असल्या गोष्टी पुरुषानं लिहू नयेत म्हणे. मी लिहितो, कारण तुझ्या घरात कुणी बोललं नाही. दुखणं एवढंच होतं. त्यावर लोहाचं औषध आहे, हरभऱ्याची भाजी आहे, तीळ-गूळ आहे, पोटभर भाकरी आहे. औषधानं दात काळे होतील असं पार्वतीनं तिला सांगितलं, तर म्हणाली होऊ देत.

तू तिच्या पायांवर डोकं ठेवायचास असं ऐकतो. त्या पायांना सूज होती, महालिंगा.

बायाबापड्या भोळ्या असतात, तुझी आई जुन्या वळणाची, आणि तुला यातलं काही कळलं नसेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. परवा महादेवीनंच ती मोडली. ती तुला म्हणाली होती, "माझ्यात देव न्हाई. राखंचा वास आला की ऱ्हावत न्हाई, म्हून खाते. मला जेवू द्या." आणि तू तिला म्हणालास, "आता हे कुणाला सांगू नको. आईची मान खाली जाईल."

हे ऐकल्यापासून मला तुझं नाव घ्यायची शरम वाटते. माहीत असून तू दारात उभा राहून बायांना आत सोडत होतास. घरात एक माणूस उपाशी आहे हे ठाऊक असताना तुझ्या घशाखाली घास उतरला कसा?

आणखी एक. हे लिहायचं नव्हतं, दोनदा कागद फाडला. महादेवीला पुन्हा दिवस गेले आहेत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे, आता एक उपास घडला तरी दोघांच्या जिवाला धोका आहे. तुमच्याकडचा शिवरात्रीचा उपास तर थेंबभर पाणीही न घेण्याचा. तू तिला कशाला बोलावतोस, ते तुला आता कळलं असेल.

तुला काय लिहू, म्हणून मी तिलाच विचारलं. ती ताटावर बसली होती. हातातला घास न थांबवता म्हणाली,

"देवीला न्यायला आले तर म्हणावं, इथं कुणी न्हाई. बायकोला न्यायचं असंल तर आधी चार बायांत सांगून या, की ती आजारी होती."

शेवटी तुझ्या आईंना साष्टांग शरणार्थ लिहायची रीत आहे. या खेपेला लिहीत नाही.

महादेवीचा भाऊ,
सांबप्पा