मेली ती कोण होती?

अण्णा, रामघाटाच्या गल्लीतल्या वाचनालयात हल्ली दर रविवारी सकाळी मी नव्या वाचकांना पुस्तकं सुचवते. तुम्हाला हसू येईल, पण यंदा सगळ्यांच्या हातात मी एकच पुस्तक ठेवते आहे. नॉर्वेतली खुनाची कादंबरी. साडेपाचशे पानं, चाळीसेक माणसं, जिभेवर न बसणारी नावं. एका बर्फाळ खेड्यात शाळेतली तरुण शिक्षिका मारली जाते. तपास आज चालू असतो, मध्येच गोष्ट वीस वर्षं मागे जाते, मग तिच्या आईच्या तरुणपणात शिरते. पहिली शंभर पानं काही धड कळत नाही. मग एकेक धागा दुसऱ्यात असा बसू लागतो, की दोनदा वाचूनही मला उलगडत नाही, एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात मावलं कसं.

तो दिवस आठवतो? मी पंधरा वर्षांची आहे. स्वयंपाकघरात पोळ्या करताना मांडीवर रहस्यकथा उघडी, तव्यावरची पोळी जळते आहे, आणि पाठशाळेतला न्यायशास्त्राचा पाठ आटोपून तुम्ही दारात उभे. मला वाटलं, पुस्तक आता शेगडीत जाणार. तुम्ही विचारलंत, "मेला तो कोण होता?" मी भराभरा सांगितलं, मुनीमाने मारलं, विष कशातून घातलं, पुरावा कुठे सापडला. "ते नाही विचारलं. मेला तो कोण? त्याला काय आवडायचं? जीव कोणावर होता त्याचा?" मी पुस्तकाची पानं चाळू लागले. "मग वाचलंस काय?" एवढंच म्हणालात, आणि जळकी पोळी स्वतःच्या ताटात घेतलीत. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते.

या उन्हाळ्यात नांदेडहून इकडे हिंदी मुलखात बदली होऊन आलेली बँकेतली एक मुलगी वाचनालयात आली. जन्मात कादंबरी वाचलेली नाही म्हणाली. मी हीच दिली. पुढच्याच रविवारी ती पुस्तक परत घेऊन हजर. "ताई, हे माझ्याच्यानं होत नाही. पन्नास पानं झाली, कोण कोणाचं कोण, पत्ता नाही."

"नावांची परेशानी सोड," मी म्हटलं. "त्या शिक्षिकेचा हात धर. ती कशाला हसते, कोणावर रागावते, तेवढंच बघ. बाकीचं पुस्तक तुझ्यामागे येईल."

तीन हफ्त्यांनी ती आली. "संपलं," म्हणाली. खुनी कोण निघाला, यावर अवाक्षर नाही. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. ती म्हणाली, "माझी मोठी बहीण गेली ना ताई, तेव्हापासून घरात एकच विषय. अपघात कसा झाला, ट्रकवाल्याला शिक्षा होणार की नाही. सहा वर्षं झाली. ती कशी होती, हे कुणी बोललंच नाही. मीपण नाही."

मग ती बोलत राहिली. बहीण आंबट वरणाला नाक मुरडायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास केस धुवायची. सायकलवरून पडली की आधी इकडेतिकडे बघायची, कुणी पाहिलं तर नाही ना. सांगताना मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. "नाव चाहिए, माताजी?" म्हणून नावाडी दोनदा विचारून गेला. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही उठलो नाही. जिला मी कधी पाहिलं नाही, ती माझ्या ओळखीची झाली. अण्णा, तो लेखक कुठला, तो बर्फ कुठला! त्याला हा घाट ठाऊकही नसेल. आणि त्याने रचलेल्या एका मरणातून नांदेडची एक मुलगी इथे बसून बोलती झाली. मी नुसती थक्क होऊन तिच्याकडे बघत होते.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमची दृष्टी गेल्यावर दुपारी मी तुम्हाला तुमचा न्यायशास्त्राचा ग्रंथ वाचून दाखवायची, तेव्हा कंटाळा आला की पानं गाळायची. तो तुम्हाला अथपासून इतिपर्यंत पाठ होता, हे मला तुम्ही गेल्यानंतर तुमच्या शिष्यांकडून कळलं. तुम्ही दर वेळी एवढंच म्हणायचात, "दमली असशील, पाणी पी."