सातवी पायरी

काष्टी,
एप्रिल १९७३

प्रिय पुंजाराम,

दोन वर्षांनी गोरक्षदादाचं पत्र आलं म्हणून तोंड फिरवू नकोस, आधी पुरतं वाच. तू गेलास आणि आपलं गावोगाव गोष्टी सांगत हिंडणं बंद पडलं, त्यात हा दुष्काळ. मीही इथं दुष्काळी कामावर खडी फोडतो. दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन झाली की बायाबापड्या म्हणतात, दादा, सांगा काहीतरी. मी नाहीच म्हणायचो. हुंकार द्यायला तू नाहीस, मग कुणासाठी घसा कोरडा करू?

सोमवारी मात्र लईच गळ घातली. आणि तोंडात आली ती नेमकी कोरड्या बारवेत उतरणाऱ्या राणीची गोष्ट. शेवगावच्या बाजारात तू अर्ध्यात उठून गेलास, तीच. चारचौघांत मी बोललो होतो, नुसतं हं म्हणायला काय अक्कल लागते? तू घोंगडी झटकलीस आणि चालू पडलास. मनमाडला हमालीला गेलास, एवढंच पुढं कळलं.

राणी पहिली पायरी उतरली आणि माझ्या डाव्या हाताला कुणीतरी 'हं' म्हणालं. आधी बारीक खाकरून, तुझ्यासारखंच. तिकडं बघतो तर नुसता खडीचा ढीग. वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. दुसऱ्या पायरीला पुन्हा तेच. अंगावर काटा आला बघ, पण हुंकार मिळाला की आपली जीभ थांबते का? सहाव्या पायरीला आंधळी चांगुणाआजी, जन्मभर आपल्या गोष्टी ऐकलेली, मोठ्यानं म्हणाली, "पुंजा कवा आला रं? पानी द्या की त्याला, आवाज लई कोरडा पडलाय." मी तिथंच थांबलो.

आपले गुरू सांगायचे ते आठवतं ना? गोष्ट अर्धी राहिली की हुंकार देणारा तिच्यात अडकतो, जिता असो की मेलेला. तेव्हा आपण दोघं किती हसलो होतो! आता रोज दुपारी त्या ढिगापाशी खाकरणं ऐकू येतं. मी पाण्याचा तांब्या ठेवतो. संध्याकाळी रिकामा असतो. ऊन फार आहे, उन्हानंच आटत असेल.

पुंजा, माझं चुकलं रे. गोष्ट तुझ्या हुंकारावर चालायची, मी नुसता बडबड्या. जिवंत असशील तर कार्डावर एक 'हं' लिहून धाड. शिव्या लिहिल्यास तर आणखी बरं. येत्या शनिवारच्या बाजारापर्यंत वाट बघतो. कार्ड नाही आलं तर रविवारी दुपारी ढिगापाशी बसून शेवटची, सातवी पायरी सांगेन, गोष्ट पुरी करेन आणि तुला मोकळं करेन. त्या पायरीला मात्र हुंकार देऊ नकोस, लेका. माझ्याच्यानं ऐकवणार नाही.

तुझाच,
गोरक्ष