पुलाच्या अलीकडचं हॉटेल

शुक्रवार, संध्याकाळ. अल सद्द.

व्हेनिसला मी जायचं नाही म्हणे. समीरने चहा पिता पिता सांगून टाकलं, "तुझी फार दगदग होईल गं. तुझ्याऐवजी आई येईल."

अपघातानंतर मला चार पावलंही चालवत नाहीत, हे मला माहीत नाही का? म्हणून तर महिनाभर सगळं शोधत बसले होते. एअरपोर्टपासून धक्क्यापर्यंत व्हीलचेअर, मग खुर्चीसकट चढता येईल अशी बोट, आणि पुलाच्या अलीकडचं हॉटेल. तिथल्या पुलांना पायऱ्या असतात, म्हणून मुद्दाम अलीकडचं.

सासूबाई खूश आहेत. आत्ताच पार्कात फेऱ्या मारून आल्या, झपझप. पुण्याहून इथे आखातात येताना मात्र दर वेळी व्हीलचेअर मागतात, कारण रांग चुकते. त्यात कुणाला कधी दगदग दिसली नाही.

मी एवढंच विचारलं, माझी व्हीलचेअर कॅन्सल केलीस का?

"कशाला? आईच्या नावावर केली, खलास. तेवढीच रांग चुकेल."

वर म्हणतो, "हॉटेल मात्र छान शोधलंस हं. पूलच चढायला नको."