गेलेले शब्द आणि परत आलेली मालकीण

मी, पूर्णिमा वसंत देवस्थळी, वय एकाहत्तर, राहणार सहकारनगर, पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. 'पूर्ण शुद्धीत' हे शब्द लोक सहज लिहून टाकतात. मला ते मिळवावे लागले, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

१. बुधवार पेठेतील माझे स्वकष्टार्जित पुस्तकांचे दुकान, मालासह आणि नावासह, माझी सून चैताली हिला द्यावे. कारण असे.

काही वर्षांपूर्वी मला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा अडकली. समजायचं सगळं, पण 'पाणी' म्हणायला जावं, तर तोंडातून 'कुलूप' यायचं. जन्मभर बोलण्यावर दुकान चालवलेली बाई मी. अंथरुणात पडून एकच घोकत राहिले : आपण संपलो.

माझे दीर दत्तप्रसाद यांनाही तसंच वाटलं. ते दुकानाच्या विक्रीचे कागद घेऊन आले. "वहिनी, संमती आहे ना तुमची?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. तोंडातून 'हो' आलं. सगळा जीव एकवटून पुन्हा बोलले, पुन्हा 'हो'च! भाऊजींनी पेन पुढे केलं. माझा मुलगा शुभंकर खिडकीबाहेर बघत उभा होता.

"थांबा काका," चैताली म्हणाली. "त्यांची मूठ बघा, किती घट्ट मिटलीय. हो म्हणायचं असतं तर पेन धरलं नसतं का त्यांनी?"

कागद सहीविनाच परत गेले. गडबडीत पेन राहिलं.

तोवर आमचं दोघींचं फारसं पटत नव्हतं. तिला माझा चहा गोड लागे, मला तिचं मोजकं बोलणं कडू. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाली, "आई, आमच्याकडे प्रोग्रॅम बंद पडला तर त्याला कोणी नालायक म्हणत नाही. नेमका कुठे अडला ते शोधतात. तुम्ही 'संपलं' म्हणणं सोडा. कुठे अडतं ते मला दाखवा."

कंपनीच्या बससाठी निघण्याआधी ती रोज विचारायची, "काल कुठे अडलं?" कशा आहात, असं नाही. त्या प्रश्नाने मला स्वतःच्या मनावर नजर ठेवायची सवय लागली. हळूहळू दिसलं, की शब्द आत शाबूत आहे, फक्त त्याची वाट बंद आहे. मग 'पाणी' अडलं की मी तांब्याचा गारवा आठवायची, ओंजळ, उन्हातून आल्यावरची तहान. एका सकाळी 'पाणी' आपसूक ओठांवर आलं.

मी थरारून गेले. म्हातारं डोकं स्वतःसाठी नवी वाट पाडत होतं, आणि मी आत बसून ते पाहत होते! देवासमोर जोडावेत तसे माझे हात जुळले. चैताली बूट घालता घालता थबकली. "बस चुकेल तुझी," असं मला म्हणायचं होतं. पण मी नुसतं "पाणी, पाणी" म्हणत राहिले आणि तिने खरंच बस चुकवली.

'नाही' सगळ्यात शेवटी आलं. ते आल्यावर मी आधी भाऊजींना फोन लावला. "दुकान विकायचं नाही."

"कोण बोलतंय?"

"मालकीण."

२. सहकारनगरची सदनिका शुभंकरला द्यावी. त्या दिवशी खिडकीशी तो रडत होता, हे मला फार नंतर कळलं. आई संपली असं तोही धरून चालला होता. पण तो विचार मुळात माझाच, त्याचा दोष नाही.

३. बँकेतील ठेवी रुपाली मोघे वाचा गेलेल्यांसाठी चालवतात त्या सराववर्गाला द्याव्यात. अट एकच : भिंतीवर सुविचार टांगू नयेत. आरसे लावावेत, म्हणजे आपण कुठे अडतो ते ज्याचं त्याला दिसेल.

४. दत्तप्रसाद भाऊजींना त्यांचं पेन परत करावं. शाई भरून.

५. शेवटच्या आजारात माझी वाचा पुन्हा गेली, तर माझ्या अर्ध्या वाक्यात कोणी आपले शब्द भरू नयेत. ज्यांना घाई असेल त्यांनी बाहेर बसावं. बाकीच्यांनी थांबावं. मी आत शोधत असेन.

सही : पूर्णिमा वसंत देवस्थळी

वरील सर्व मजकूर पूर्णिमाबाईंनी आम्हांसमोर स्वतः मोठ्याने वाचून दाखवला आणि मग सही केली. दोन ठिकाणी त्या अडल्या. आम्ही थांबलो.

साक्षीदार :
१. डॉ. शेफाली करंदीकर
२. साईनाथ कुदळे, शेजारचे दुकानदार

पुणे, दि. १४ फेब्रुवारी २०२५