आमच्या जिन्यातला धूर

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांच्या सध्याच्या अवस्थेत तो कागदावरच शक्य आहे). तुझी साखर, वहिनीचा दमा आणि तुम्हा दोघांत मिळून असलेला तो एकुलता एक चष्मा, सगळं ठीक असेल अशी आशा करते. मी बरी आहे. आपली इमारत मात्र बरी नाही, आणि तिच्यावर सध्या तुझ्या लेकीचे उपचार चालू आहेत.

'आपली' म्हणते, कारण तीस वर्षांपूर्वी ती तूच आखलीस आणि तिसऱ्या मजल्यावरची जागा मला घ्यायला लावलीस. आठ महिन्यांपूर्वी सोसायटीच्या सभेत मुंगीने (एवढी मोठी आर्किटेक्ट झाली, तरी लहानपणी सारखं काहीतरी ओढत न्यायची म्हणून पडलेलं नाव काही सुटत नाही) सगळ्यांसमोर सांगितलं, की बाबांचा जिना म्हणजे बूच लावलेली बाटली आहे आणि साथीत आजार वर चढला तो याच जिन्यातून. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, पिशवी उचललीस आणि गेलास. मी त्या वेळी पंख्याकडे पाहत होते. तेव्हापासून बापलेकीत अबोला, म्हणून इकडची हकिकत मीच कळवते.

रागावू नकोस, पण पोरगी अफाट आहे. आधी तिने म्हणे जिन्यातला वारा मोजायचं ठरवलं. त्याचं यंत्र असतं, ते ऐन वेळी बंद पडलं. दुसरी कोणी असती तर घरी गेली असती. हिने तळमजल्यावर डासांची कॉइल पेटवली, सगळ्या बिऱ्हाडांना आपापल्या दारात खुर्ची टाकून बसवलं आणि वास आला की हात वर करायला सांगितलं. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर घड्याळ, वही आणि शिट्टी घेऊन बसले होते (त्यांना निवृत्त झाल्यापासून कोणी काही कामच सांगितलं नव्हतं). पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना साथीपासून वास येत नाही, म्हणून त्यांच्या बायकोने आपल्या हाताबरोबर त्यांचाही हात वर केला. धूर चार मिनिटांत वर पोचला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. मॅनेजर शिट्टी फुंकायला गेले ते खोकतच बसले. हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग शिवणवाल्या बाई हळूच म्हणाल्या, की हात ज्या क्रमाने वर गेले त्याच क्रमाने आपण सगळे आजारी पडलो होतो. त्यांचे यजमान चाळीस दिवस हॉस्पिटलात होते, अजून दर सहा पायऱ्यांना थांबतात. त्यानंतर कोणी हसलं नाही. मी माझी खुर्ची आत ओढून घेतली आणि दार लावलं.

त्या दिवसापासून मुंगी सांगेल ते इमारत ऐकते. फाटकापाशी हात धुवायला बेसिन आलं. प्रत्येक दाराबाहेर सामान ठेवायला फळी आली. खोल्या करून टाकलेल्या गॅलऱ्या पुन्हा मोकळ्या झाल्या. माझीही झाली, आणि तिच्या अडगळीतून तो कूलर निघाला, जो तू परत केला नाहीस म्हणून मी तुझ्यावर सहा वर्षं रुसले होते (तो विषय आता संपला असं समज). समोरच्या रस्त्यावर गाड्या उभ्या राहायची एक रांग होती, ती हटवायला मुंगीने नगरपालिकेत इतक्या खेपा घातल्या की शेवटी तिथल्या साहेबांनीच हात टेकले. तिथे आता रुंद फुटपाथ आहे आणि एकमेकांपासून लांब लांब ठेवलेली बाकं आहेत. अंतर इतकं, की आम्ही म्हाताऱ्या एकमेकींशी ओरडूनच बोलतो. गल्लीत कोणाचं गुपित राहिलेलं नाही, पण आजार पसरणार नाही. आणखी तीन गल्ल्यांनी तिला बोलावलंय.

आता सोमवारी जिन्याची दर्शनी भिंत फोडून खालपासून वरपर्यंत खिडक्या करायच्या आहेत. ती धूळ यजमानांना सोसणार नाही, म्हणून शिवणवाल्या बाईंना त्यांना घेऊन महिनाभर बिऱ्हाड हलवावं लागेल. त्या भिंतीने काय काय पेललंय हे तुझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. ती विचारणार नाही आणि तू सांगणार नाहीस. हट्ट अगदी तुझा उचललाय तिने.

वहिनीला नमस्कार. औषधं वेळेवर घे.

तुझी,
धाकटी

ता. क. : जिन्याचा मूळ नकाशा तुझ्या पत्र्याच्या पेटीत असेल, तो पाठव. पत्र खरं म्हणजे त्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. : हे पत्र तीन दिवस टेबलावर पडून होतं, टाकवेना. शेवटी काल मी मुंगीला जिन्याच्या अगदी वर घेऊन गेले आणि छताखालची भिंत ठोकून दाखवली. पोकळ वाजली. तू तिथे मोठा झरोका ठेवला होतास. कबुतरांचा त्रास होतो म्हणून मी सेक्रेटरी असताना त्यावर प्लायवूड ठोकून रंग मारून घेतला, आणि नंतर आलेल्यांना ती भिंतच वाटत राहिली. सभेत तू माझ्याकडे पाहिलंस ते त्यासाठी, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. बूच तुझं नव्हतं, माझं होतं. तू लेकीचा अबोला सोसलास, पण बहिणीला चारचौघांत उघडं पाडलं नाहीस. दादा, मला फार लाज वाटते. शिवणवाल्या बाईंना सांगायचं अजून बाकी आहे. आज जाणार आहे.

प्लायवूड काढल्यावर मुंगीने पुन्हा कॉइल लावली. मॅनेजरांच्या घड्याळाप्रमाणे दीड मिनिटात धूर झरोक्यातून बाहेर. ती तिथेच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आत्या, बाबांचं बरोबर होतं गं." भिंत फोडायचं रद्द झालं. नकाशा तरीही पाठव, तिला तो बघायचाय.

शेवटचा ता. क. : कबुतरं सकाळीच परत आली. वारा न अडवता जाळी कशी बसवायची, ते म्हणे बाबांनाच विचारावं लागेल. मी फोन करते म्हटलं, तर म्हणाली, नको, तुझं पत्र पोचलं की मीच करते. पत्र मिळाल्यावर फोनपाशी बस आणि पहिल्याच घंटीला उचल.