रेडिओच्या खोलीतला थोरल्या भावाचा वाटा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय शिलाई मशीन दुरुस्ती (आता फक्त ओळखीच्यांची), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरणशक्ती नातेवाइकांना परवडेल त्यापेक्षा जास्त आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लेकीने आणून पाहिला, तो टिकला नाही. पुढच्या सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. काळजीचं कारण नाही म्हणतात, पण कागदावर माझी सही मात्र आधीच घेऊन ठेवली. म्हणून मीही माझा कागद करून ठेवते.

१. राहतं घर आणि वरची रेडिओची खोली लेकीला. गच्चीवरची अँटेना घराचाच भाग समजावी. तिच्या तारेवर कपडे वाळत घालायची परवानगी शेजारच्या काकू बावीस वर्षं मागत आहेत. ती माझ्या मागेही मिळणार नाही.

२. बँकेतली ठेव लेक आणि नात यांना निम्मी निम्मी.

३. दुरुस्तीची सगळी हत्यारं, बॉबिनच्या डब्यांसकट, आता दुकान चालवणाऱ्या बाईला. कुठलाही बिघाड असो, ती आधी तेल घालते, म्हणून मी तिला तेलवाली म्हणते. तिने यापुढे आधी मशीन उघडून पाहावं, एवढीच अट.

४. नवी डिजिटल यंत्रणा, म्हणजे रेडिओ संच, लॅपटॉप आणि दोघांना जोडणारी डबी, नातीला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. आम्ही हौशी रेडिओवाले परवाना घेऊन हवेतून लांबलांबच्या माणसांशी बोलतो. पूर्वी तोंडाने बोलायचो, नाहीतर मोर्सच्या कडकट्टने. नव्या पद्धतीत लॅपटॉप पंधरा-पंधरा सेकंद बारीक सूर पाठवतो आणि समोरचा लॅपटॉप उत्तर देतो. आवाज किती जोरात आला त्याचा आकडा दोघे एकमेकांना कळवतात आणि शेवटी ‘त्र्याहत्तर’ म्हणतात. त्र्याहत्तर म्हणजे आमच्या भाषेत लोभ असावा.

५. माझा थोरला भाऊ, वय पंचाहत्तर, राहणार दोन गल्ल्या पलीकडे. त्याला काहीही देऊ नये.

कारण लिहिणं भाग आहे. मोर्स मला दादानेच शिकवलं, जेवायच्या टेबलावर चमचा आपटून, हे मान्य. पण सहा वर्षांपूर्वी मी ही यंत्रणा घेतली, तेव्हा क्लबच्या रविवारच्या गप्पांत, एकतीस स्टेशनं, म्हणजे एकतीस घरचे रेडिओवाले, ऐकत असताना, तो म्हणाला, “आमच्या धाकटीने पोपट पाळलाय. तो बोलतो आणि ही खाली भांडी घासते.” मी तिथल्या तिथे म्हटलं, “पोपट निदान दुसऱ्याचं ऐकून तरी घेतो.” त्यानंतर आम्ही बोललो नाही. गेल्या वर्षी त्याने तीच यंत्रणा जावयाकडून गुपचूप बसवून घेतली. हे मला हार्डवेअरवाल्याकडून कळलं. तरी माघार नाही. म्हणून त्याला काहीही देऊ नये, वडिलांनी आम्हा दोघांत मिळून आणलेली मोर्स वाजवायची पितळी ‘की’, म्हणजे दाबायचा खटका, तीसुद्धा नाही.

६. हे कलम दुसऱ्या दिवशी लिहीत आहे. वकीलबाई म्हणाल्या, सगळं पुन्हा स्वच्छ लिहून काढा. मी नाही म्हटलं.

कलम ४ साठी नातीने लॅपटॉपमधली नोंदवही छापून आणली. कोणत्या स्टेशनाशी कधी गाठ पडली ते त्यात आपोआप उतरतं. दादाचं स्टेशन त्यात एकशे त्रेचाळीस वेळा निघालं.

मी म्हटलं, “मशीनंच बोलली असतील आपसांत. मी तर लावून ठेवून खाली जाते.”

नात म्हणाली, “आजी, तुझं मशीन हाक आली की आपोआप उत्तर देतं, खरंय. पण हाक मारणाऱ्याला पडद्यावर तुझं स्टेशन शोधून स्वतः क्लिक करावं लागतं. मामाआजोबांनी केलंय. दर वेळी.”

आमच्यात एका स्टेशनाची एकदा नोंद झाली की काम झालं. पुन्हा हाक मारून पदरात काही पडत नाही. म्हणजे दादाने एकशे बेचाळीस वेळा मला नुसतीच हाक मारली. दर वेळी माझ्या मशीनने त्याला कळवलं की तुझा आवाज खणखणीत येतोय, लोभ असावा. आणि मी खाली भांडी घासत होते. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं याचा मला फार राग आला. मग रडू आलं. या पानावरचा डाग त्याचा आहे, वकीलबाईंनी तो चहाचा समजू नये.

७. कलम ५ रद्द. पितळी की दादाला.

मी मरायच्या आधी त्याच्याशी बोलायला हवं होतं आणि सोमवार तीन दिवसांवर आला होता. फोन करणं जमेना. सहा वर्षांनी पहिला शब्द कुठला काढायचा? यंत्रणेत आपला मजकूर एका वेळी तेराच अक्षरांचा मावतो, म्हणून फार विचार करायला वाव नव्हता. ‘दादा घरी ये’, रोमन लिपीत, मोकळ्या जागा धरून, बरोबर तेरा. ते मी माझ्या हाताने पाठवलं.

त्याच्या घरून चालत यायला बारा मिनिटं लागतात. तो नऊ मिनिटांत आला. दारातूनच म्हणाला, “तू बोलावलंस की मशीनने?”

“मी.”

“मग ठीक.”

८. वकीलबाईंना दुसरा साक्षीदार हवा होता. दादा पुढे झाला. त्या म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, मागाहून भानगड होते, तेव्हा एक काय ते निवडा. दादा म्हणाला, “की नको. मी सही करतो. हिचं डोकं ठिकाणावर आहे असं लिहून द्यायला घरातलं कोणीतरी हवंच.” म्हणून कलम ७ मधली कीची ओळ रद्द. ती की मी आजच त्याच्या हातात दिली. त्याला कलम लागत नाही.

स्थळ: रेडिओची खोली.
दिनांक: शुक्रवार. दुपारी बसलो, दिवे लागताना उठलो.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला, समोरचा चष्मेवाला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला पाच मिनिटांचं काम आहे म्हणून बोलावलं होतं.

साक्षीदार दुसरा, थोरला भाऊ: मृत्युपत्र करणारी माझी सख्खी धाकटी बहीण. तिची बुद्धी शाबूत आहे याची मी तिच्याशी समक्ष बोलून खात्री केली. साडेतीन तास लागले. तरी थोडी शंका उरली आहे, ती सोमवारनंतर तिच्याशीच बोलून फेडून घेईन.