अर्धी बांधी, पाव बांधी

सिहोरा, शुक्रवार, ऑगस्ट १९७९

आजही उत्तर ०.३०. पाचवीच्या पोरांना ०.५ आणि ०.२५ यांची बेरीज दिली की पाच नि पंचवीस तीस, झालं. म्हणून आज वर्गाच्या जमिनीवर खडूनं मोठी बांधी आखली, चारी बाजूंनी बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा असतो तशी. तिच्यात दहा पट्ट्या, पट्टीत दहा घरं. समजा, सकाळी अर्ध्या बांधीत रोवणा झाला, रोपं लावून झाली, म्हणून पाच पट्ट्यांत भुसा पसरला. दुपारी पाव बांधी, म्हणून आणखी पंचवीस घरं. किती झालं? सगळी एकदम म्हणाली, पाऊण. घरं मोजली, तीही पंच्याहत्तर. मी खूश. वेडाच.

मग पाट्या काढायला लावल्या नि तीच बेरीज दिली. सरिताच्या पाटीवर पुन्हा ०.३०. यंदा नापास झाली तर शाळा बंद, असं तिच्या बापानं सांगून ठेवलंय.

"आत्ताच तं पाऊण म्हटलं नं तुनं?"

"थे बांधी होती गुरुजी. हे गणित हाय."

इतकी वर्षं मी शिकवतो तरी काय? माझा चेहरा पाहून तिनं थुंकी लावून ०.३० पुसलं आणि पेन्सिल धरून थांबली.

"मंग काय लिहू? तुमीच सांगा."